स्पॅनिश व्यंजनं आणि इंग्रजीतून आलेल्या सूचना

या वेळी आलेल्या पत्रांत स्पॅनिश उच्चारांविषयीची पत्रं बरीच आहेत आणि त्यांतली जवळजवळ सगळी व्यंजनांपाशी अडली आहेत. ते साहजिक आहे. स्पॅनिशचे पाच स्वर मराठी तोंडाला जड जात नाहीत. व्यंजनांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे मिळणारी बहुतेक पुस्तकं आणि अ‍ॅप इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. त्यांतल्या काही सूचना मराठी माणसाला लागतच नाहीत, आणि जिथे आपल्याला खरी गरज असते तिथे ती गप्प असतात.

लेखनाची सोय अशी: स्पॅनिश शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत, अक्षरांची नावं इंग्रजीतली वापरली आहेत. 'र्र' म्हणजे जीभ थरथरवून म्हटलेला र. खाली टिंब दिलेला 'ख़' हा आपला ख नव्हे, त्याचा खुलासा पुढे येतो.

प्रश्न: आमच्या वर्गातलं पुस्तक इंग्रजीतून आहे. पहिल्याच धड्यात पी, टी, के या अक्षरांचा सराव आहे: तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ती हलता कामा नये. माझी पट्टी पहिल्या दिवसापासून हलत नाही. मला काही कळलं नाहीये का? (एक वाचक, ठाणे)

कळायचं काही नाहीच. तो धडा तुमच्यासाठी लिहिलेला नाही. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस शब्दारंभी पी, टी, के म्हणतो तेव्हा ओठ किंवा जीभ सुटल्यावर आधी हवेचा झोत जातो, मग स्वर सुरू होतो. इंग्रजीत हे अंतर साधारण ६० ते ८० मिलिसेकंद असतं, स्पॅनिशमध्ये ढोबळमानाने ३० च्या आत. आपण याच फरकावर क आणि ख, त आणि थ वेगळे करतो. त्यामुळे इंग्रज विद्यार्थ्याने 'काफे' म्हटलं की आपल्याला 'खाफे' ऐकू येतं. तुमचा क आणि प जसा आहे तसाच वापरा.

टीकडे मात्र लक्ष द्या. इंग्रजीतली टी आपण पिढ्यान्‌पिढ्या 'ट' लिहीत आणि म्हणत आलो, म्हणून रोमन लिपीतली टी दिसली की जीभ आपोआप वर वळते. स्पॅनिश टी म्हणजे 'त', जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत मेनूकार्डावर टाको, बरिटो, टॉर्टिला असतात, ते मुळात ताको, बुर्रीतो, तोर्तीया. ट म्हटल्याने अर्थ बिघडत नाही, परका वास येतो इतकंच. डीच्या जागी ड म्हटल्याने मात्र अर्थ बिघडू शकतो.

प्रश्न: बी, डी, जी ही अक्षरं सोपी वाटली होती. पण शिक्षिका म्हणतात, माझा 'नादा' जड येतो, 'आमिगो' मधला ग ठोकल्यासारखा येतो आणि 'व्ही' तर मी चुकीचाच म्हणते. पुस्तकात लिहिलंय की दोन स्वरांमधली डी ही इंग्रजी 'मदर' मधल्या टीएचसारखी म्हणावी. मी तशीच म्हणते. (एक वाचक, नाशिक)

तशीच म्हणता, आणि घोटाळा तिथेच आहे. इंग्रजांच्या 'मदर'मध्ये हवा अडत नाही. जिभेचं टोक दातांना निसटतं लागतं आणि श्वास चालू राहतो. आपल्या 'मदर'मध्ये स्वच्छ द असतो. म्हणजे पुस्तकाने 'द म्हणू नका, मदरमधला आवाज म्हणा' असं सांगितलं आणि तुम्ही इमानाने पुन्हा द म्हटला.

नियम असा. बी, डी, जी या तिन्ही अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत. बोलणं सुरू होताना, म्हणजे विरामानंतर, आणि अनुनासिकानंतर (न, म यांच्यानंतर) ते कडक असतात: आपले ब, द, ग. डी ही एलनंतरही कडकच राहते. बाकी सगळीकडे ते सैल होतात. सैल म्हणजे तोंडाचे भाग जवळ येतात पण दार बंद होत नाही. 'देदो' म्हणजे बोट: पहिला द कडक, दुसरा सैल. 'दोन्दे' म्हणजे कुठे: पहिला आरंभी आहे, दुसरा नच्या मागे, म्हणून दोन्ही कडक. 'उन गातो' (एक मांजर) मध्ये ग कडक, 'एस्ते गातो' (हे मांजर) मध्ये सैल. शब्द तोच असला तरी आधी काय आलं यावर उच्चार बदलतो. म्हणून शब्द सुटे पाठ केले की हा नियम अंगवळणी पडत नाही, सराव दोन-तीन शब्दांच्या तुकड्यांतच करावा.

सैल आवाज जमला की नाही हे तपासायची सोपी खूण म्हणजे तो दोन सेकंद ओढून पाहणं. 'आ' वरून सुरू करा, मधला आवाज लांबवा, मग पुन्हा 'आ'. आवाज अखंड चालू राहिला तर तो सैल आहे. श्वास अडून मग फुटला तर तुम्ही अजून द किंवा ब म्हणताय. उलट, घासल्याचा फस्सकन आवाज आला तर दार गरजेपेक्षा जास्त आवळलंय, जरा सोडा.

डीसाठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला टेकवा, दाबू नका. जीसाठी 'आगा' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागण्याआधीच थांबवा. गझला ऐकणाऱ्यांच्या कानात उर्दूतला टिंब दिलेला ग असतो, स्पॅनिशमधला त्याहून पुष्कळ हलका आहे. 'आग्वा' (पाणी) भरभर बोलताना इतका हलका होतो की नवख्याला ग ऐकूच येत नाही.

बी आणि व्हीविषयी आधी एक गोष्ट पक्की करा: स्पॅनिशमध्ये ही दोन अक्षरं आहेत, आवाज एकच. 'तूबो' एकदा बी घालून लिहितात, तेव्हा अर्थ नळी. एकदा व्ही घालून लिहितात, तेव्हा अर्थ 'त्याच्याकडे होतं'. उच्चारात काडीचा फरक नाही. स्पॅनिश लोक दोन्ही सारखेच म्हणतात हे रिआल आकादेमियाने, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेने, अठराव्या शतकातल्या आपल्या पहिल्या कोशातच मान्य केलं होतं. तरी पुढे कितीतरी आवृत्त्यांत व्ही दातांनी म्हणावी अशी शिफारस होत राहिली, कारण फ्रेंच आणि इंग्रजीत तसं करतात. १९११ च्या व्याकरणापासून आकादेमियाने ती सोडली. आजही काही शिक्षक ती चालवतात, त्यांचं ऐकू नका.

आपली अडचण अशी की मराठी व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. स्पॅनिश सैल बमध्ये दातांचं काम नाही. आरशासमोर 'आबा' म्हणा, मग दोन्ही ओठ जवळ आणा पण मिटू नका. वरचे दात खालच्या ओठावर आलेले दिसले तर तो व झाला. 'बिबिर' (जगणं, दोन्ही जागी लिहायला व्ही) मध्ये पहिला ब ओठ मिटून, दुसरा न मिटता. नच्या मागे व्ही आली तर नचाही म होतो: 'उन बासो' (एक ग्लास) ऐकू येतो 'उम्बासो', 'इन्विएर्नो' लिहिलेला हिवाळा ऐकू येतो 'इम्ब्येर्नो'. आपल्या अनुस्वाराला ही सवय आहेच.

आता ड. आपला ड दोन स्वरांमध्ये आला की जीभ वर वळून झटकन खाली पडते: गाडी, वाडा. स्पॅनिश कानाला हा झटका र वाटतो. म्हणून 'तोदो' (सगळं) हा शब्द 'टोडो' म्हटला की समोरच्याला 'तोरो' (बैल) ऐकू येऊ शकतो. अमेरिकन माणसाकडूनही हीच चूक वेगळ्या वाटेने होते, त्याच्या 'लॅडर'मधली डी अशीच झटक्याची असते. कडक द म्हटलात तर तुम्ही जरा जड बोलताय एवढंच वाटेल, ड म्हटलात तर शब्द बदलेल. सैल द जमेपर्यंत कडक दवर राहिलेलं बरं.

जाता जाता: स्पेनमध्ये '-आदो'ने संपणाऱ्या शब्दांतला द बोलताना पुष्कळदा गळतोच, 'कान्सादो' (थकलेला) 'कान्साओ' होतो. ऐकताना ओळखा, औपचारिक बोलण्यात वापरू नका.

प्रश्न: आमची नऊ वर्षांची मुलगी इथेच जन्मली. शाळेत तिला स्पॅनिश आहे. 'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) ती एकसारखेच म्हणते, दोन्ही इंग्रजी आरने. जीभ जोरजोरात हलव असं सांगून झालं. जिभेखालची शीर आखूड असेल का? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

शिरेची शंका सगळ्यांना येते. मुलगी ल, न, त, द स्वच्छ म्हणत असेल, जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला आरामात लागत असेल, तर अडथळा बहुधा तिथे नाही. तरी शंका राहिली तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावं. आणि हेही लक्षात असू द्या की ज्यांची मातृभाषाच स्पॅनिश आहे त्या मुलांनाही र्र सगळ्यांत शेवटी येतो, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी.

'जोरजोरात हलव' हा सल्ला मात्र सोडून द्या. र्र म्हणताना जीभ सेकंदाला साधारण पंचवीस वेळा या वेगाने थरथरते. स्नायू आखडून-सोडून हा वेग साधत नाही. पंख्यासमोर धरलेला कागद जसा हवेने फडफडतो तसं जिभेचं टोक श्वासाने फडफडतं. आपण फक्त टोक योग्य जागी आणि पुरेसं ढिलं ठेवायचं, काम हवा करते. म्हणून 'र र र' वेगाने म्हणून र्र तयार होत नाही, उलट जीभ आखडते आणि उरलीसुरली थरथरही जाते.

पहिल्यांदा साधा र. तो तिच्याकडे आधीच आहे, फक्त दुसऱ्या नावाने. अमेरिकन मुलं 'वॉटर', 'बटर', 'लॅडर' म्हणताना मधल्या टी किंवा डीवर जीभ एकदाच उंचवट्याला लागून सुटते. तोच स्पॅनिश साधा र. तिला 'पॉट अ टी' हे तीन शब्द भरभर, अमेरिकन ढंगाने म्हणायला सांगा. 'पारा ती' (तुझ्यासाठी) च्या अगदी जवळचं काहीतरी निघेल. तो मधला झटका पकडायचा आणि 'कारा', 'तोरो', 'पेरो' मध्ये बसवायचा. या वेळी ओठांवर नजर ठेवा. इंग्रजी आरमध्ये ओठ किंचित गोल होतात आणि जीभ कुठेच टेकत नाही. ओठ गोल झाले की समजावं, जुना आर परत आला.

घरी मराठी बोलत असाल तर याहून जवळची वाट आहे. तिचा 'राजा', 'बरं', 'घरी' ऐका. मराठीतला र नीट येत असेल तर साधा र शिकवायचाच नाही, फक्त 'घरीतला र इथे' एवढं सांगा. 'भुर्रकन उडाला', 'सर्रास' हे शब्द म्हणायला लावा, कित्येक मुलांच्या तोंडून तिथे पूर्ण र्र निघतो आणि त्यांना ते माहीतही नसतं. मराठीतही ती इंग्रजी आरच वापरत असेल तर दोन्ही भाषांचं काम एकदम होईल.

आता र्र. क्रम महत्त्वाचा आहे.

जबडा बोटभर उघडा. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना आतून टेकवा, म्हणजे हवा बाजूने निसटणार नाही. टोक वर, दातांमागच्या उंचवट्याजवळ, पातळ आणि ढिलं. आता घशातून आवाज न काढता नुसती हवा जोरात सोडा. सुरुवातीला 'त्र' किंवा 'द्र' च्या आधाराने करा, त आणि द जिभेला बरोबर जागी नेऊन ठेवतात. बिनआवाजाची दोन-तीन फडफड मिळाली की मग घोष, म्हणजे घशातली थरथर, मिसळा. सामान्य बोलण्यात र्रमध्ये जीभ दोन-तीनदाच लागते, लांबलचक घरघर कुणी करत नाही.

काय बिघडलं ते निघालेल्या आवाजावरून कळतं. 'श' सारखी नुसती सळसळ आली तर टोक फार लांब आहे किंवा ताठ आहे. 'द' होऊन थांबलं तर टोक दाबलं गेलंय. थरथर घशात, पडजिभेपाशी झाली तर जिभेची मागची बाजू वर गेली आहे. तो फ्रेंच र झाला, तो स्पॅनिशमध्ये नको. कडांतून हवा फुसफुसली तर दाढांशी पकड सुटली आहे.

स्वरांचाही क्रम लावा. आ आणि ओ यांच्यामध्ये र्र लवकर बसतो: 'कार्रो', 'गोर्रो'. ई जवळ सगळ्यांत कठीण, कारण ई म्हणायला जिभेचा पुढचा भाग वर चढतो आणि टोकाला मोकळीक राहत नाही. 'रीको', 'बार्रील' शेवटी घ्या. रोज एकदा अर्धा तास करण्यापेक्षा तीन-चार मिनिटांचे चार-पाच तुकडे चांगले. जीभ दमली की ताठ होते आणि चुकीचीच सवय लागते.

कुठे र्र म्हणायचा हे लिपीवर सोडू नका. दोन स्वरांमध्ये दोन आर लिहिले तर र्र, एक लिहिला तर साधा. शब्दाच्या सुरुवातीला मात्र एकच आर लिहितात आणि म्हणतात र्र: 'रोख़ो' (लाल), 'रोमा'. तसंच एल, एन, एस यांच्या मागे: 'आल्रेदेदोर' (सभोवार), 'एन्रीके', 'इस्राएल' या तिन्हींत र्र आहे. 'त्रेस', 'ग्रासियास', 'ओत्रो' यांत साधा. मराठी बोलणारे इथेच चुकतात. 'कारो' (महाग) आणि 'कार्रो' (गाडी) यांत ते गोंधळत नाहीत, पण शब्दारंभीचा र सवयीने एकाच टोल्याचा म्हणतात.

प्रश्न: जे हे अक्षर इंग्रजी 'हाउस' मधल्या एचसारखं म्हणायचं असं अ‍ॅप सांगतं. मी ह म्हणतो, तर माद्रिदचे सहकारी हसतात आणि बोगोताचे म्हणतात, 'जवळ आलास, पण नाही.' (एक वाचक, नागपूर)

दोघंही बरोबर आहेत. इंग्रजी एच अघोष आहे, घसा थरथरत नाही. मराठी ह घोष आहे. घशावर बोट ठेवून 'आहा' म्हणा, थरथर मध्ये तुटत नाही. स्पॅनिश जेमध्ये ती तुटली पाहिजे. बोगोता, हवाना, काराकास या बाजूला जे म्हणजे नुसता श्वास असतो, इंग्रज माणसाचा एच तिथे सहज खपतो, तुमचा घोष ह खपत नाही.

मेक्सिको, पेरू, आर्जेन्टिनात जिभेच्या मागच्या भागाशी हवा घासते. माद्रिदमध्ये अजून मागे, खरखरीत. हा ख़. तो आणायचा तर 'क' म्हणण्यासाठी जीभ टाळूला लावा, केसभर खाली घ्या आणि तिथून हवा लांबवर सोडा. आपल्या ख मध्ये हवा आधी अडते आणि मग सुटते. ख़ मध्ये ती अडतच नाही, म्हणून तो हवा तितका ओढता येतो. 'आख़ो' (लसूण), 'काख़ा' (खोका) म्हणताना 'आखो', 'काखा' होऊ देऊ नका. संस्कृत पाठशाळेत शिकलेल्यांनी जिव्हामूलीय म्हटलेला असेल: 'अंतःकरण' मधला, क पुढे असताना जिभेच्या मुळाशी घासून म्हणायचा विसर्ग. तोच हा आवाज. रोजच्या मराठीत आपण तिथे क दुप्पट करून मोकळे होतो, ही वेगळी गोष्ट.

जी पुढे ई किंवा आय असेल तर तीही ख़ च: 'ख़ेन्ते' (लोक), 'आर्ख़ेन्तीना'. ग हवा असेल तर मध्ये न उच्चारलेला यू घालतात: 'गितार्रा', 'गेर्रा' (युद्ध). यूवर दोन टिंबं असतील तर तो उच्चारायचा: 'पिंग्विनो'.

प्रश्न: टोपीवाला एन म्हणजे 'न्य' लिहून घेतलंय. 'एस्पान्या' म्हटलं की शिक्षक म्हणतात, फार जोर देतोस. जोर कुठे देतोय? (एक वाचक, सांगली)

'एस्पान्न्या' म्हणत असाल. मराठीत जोडाक्षर दोन तऱ्हांनी म्हटलं जातं. 'कन्या' मध्ये न दुप्पट होतो आणि क वर आघात येतो. 'सोन्याची साखळी' मधल्या न्यात तसं होत नाही, जीभ एकदाच लागून सुटते. स्पॅनिशमध्ये कायम सोन्याचा न्या. 'सेन्योर', 'मान्याना' (उद्या), 'निन्यो' (मूल) याच वजनाने म्हणा.

बारकावा हवा असेल तर जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवा आणि जिभेचा मधला पसरट भाग टाळूला चिकटवा. इंग्रज मुळात न आणि य असे दोन आवाज एकामागून एक म्हणतात, कारण त्यांच्या 'कॅन्यन'मध्ये तसं आहे. स्पॅनिशमध्ये या दोन्हींत भेद आहे: देवनागरीत 'उरान्यो' असे दिसणारे दोन शब्द आहेत. एन, आय, ओ लिहिलेला युरेनियम, टोपीवाल्या एनचा माणूसघाणा. हा भेद रोज लागत नाही. टोपी पूर्ण विसरणं मात्र महागात पडतं: 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि 'आनो' म्हणजे गुदद्वार. स्पॅनिशमध्ये वय सांगताना 'मला इतकी वर्षं आहेत' अशी रचना असते, त्यामुळे ही चूक नेमकी ओळख करून देताना होते.

तुम्ही विचारलं नाही, पण वहीत 'मुचाचो' (मुलगा) लिहिलं असेल तर तेही तपासा. सीएच म्हणजे 'त्याची' मधला च, 'त्याचा' मधला नव्हे. इ आणि ए पुढे असताना मराठी माणूस चुकत नाही, 'लेचे' (दूध) बरोबर येतं. आ, ओ, उ पुढे आले की देवनागरीतला च दंततालव्य वाचला जातो आणि 'मुत्सात्सो' तयार होतो. इंग्रजी पुस्तकात याचा इशारा मिळणार नाही, कारण इंग्रजांना हा प्रश्नच नाही.

प्रश्न: लहानपणी घरात पोर्तुगीज ऐकलं, थोडं वाचताही येतं. स्पॅनिशला त्याचा फायदा होईल की गोंधळ? (एक वाचक, पणजी)

शब्दांना फायदा, व्यंजनांना निम्मा-निम्मा. पोर्तुगीज एन-एच म्हणजे स्पॅनिश टोपीवाला एन, आवाज तोच. आपल्याकडे पोर्तुगीज आडनावं देवनागरीत 'न्ह', 'ल्ह' घालून लिहितात, ते वाचून ह म्हणायची सवय लागली असेल तर तेवढी सोडा.

बाकी ठिकाणी पोर्तुगीज कान फसवतो. 'घर' पोर्तुगीजमध्ये 'काज़ा', मधला एस घोष. स्पॅनिशमध्ये 'कासा'. सीएच पोर्तुगीजमध्ये श, स्पॅनिशमध्ये च. शब्दान्तीचा एस लिस्बनमध्ये श, स्पॅनिशमध्ये स. जे तर पार वेगळा: पोर्तुगीज 'झोज़े', स्पॅनिश 'ख़ोसे'. व्ही आणि बी पोर्तुगीजच्या प्रमाण उच्चारात वेगळे, स्पॅनिशमध्ये एक. जोरकस र लिस्बनकडे घशातून येतो, स्पॅनिशमध्ये जिभेच्या टोकानेच. पोर्तुगालच्या काही भागांत जुना टोकाचा र अजून आहे, तुमच्या घरात तसा ऐकला असेल तर तो तसाच उचला.

प्रश्न: सालामांकाला शिकायला जायचंय. तिथे झेड आणि सी दातांत जीभ घालून म्हणतात म्हणे. एका राजाच्या बोबडेपणामुळे हे सुरू झालं, हे खरं का? मी 'थ' वापरला तर चालेल? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

राजाची गोष्ट खोटी. बोबडेपणा असता तर प्रत्येक स गेला असता. तिथे 'कासा' (घर) मध्ये स शाबूत आहे, झेडने लिहिलेल्या, शिकार या अर्थाच्या शब्दातच जीभ दातांत जाते. जुन्या कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, स सारखे अनेक वेगळे आवाज होते, ते पुढे वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या रीतीने एकत्र झाले. उत्तर आणि मध्य स्पेनमध्ये दोन उरले, लॅटिन अमेरिकेत आणि कॅनरी बेटांत एक.

थ चालणार नाही. इंग्रजांना हा आवाज फुकट मिळतो, त्यांच्या 'थिंक'मध्ये तो आहे. आपण 'थिंक' म्हणतानाही थ म्हणतो, आणि थ म्हणजे त अधिक झोत. सालामांकात तुमचा थ वापरलेला 'सिन्को' (पाच) 'तिन्को' ऐकू येईल. जिभेचं टोक दोन्ही दातांच्या कडांमध्ये अलगद ठेवा, चावू नका आणि हवा पातळ पट्टीसारखी सोडा. त सारखा फुटला तर जीभ मागे, दातांच्या पाठीला चिकटली आहे. ओढून पाहायची खूण इथेही लागू आहे.

तो जमत नसेल तर सरळ स म्हणा. कोट्यवधी लोक तसंच बोलतात, आणि इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची देले ही स्पॅनिशची परीक्षाही कुठल्या एका देशाच्या उच्चाराचा आग्रह धरत नाही. मात्र एकाच वाक्यात दोन्ही पद्धती मिसळू नका. आणि कुठेही गेलात तरी झेड घोष होत नाही. 'सापातो' (बूट) ला इंग्रजी झेड किंवा 'जरा' मधला ज लावणं ही इंग्रजीतून आलेली चूक आहे. उत्तरेकडचा स तुम्हाला किंचित श कडे झुकलेला वाटेल, कारण तिथे तो जिभेचं टोक वर करून म्हणतात. त्याची नक्कल करायची गरज नाही.

प्रश्न: डबल एल म्हणजे ल, ल्य, य, ज की श? पाच जणांनी पाच सांगितले. (एक वाचक, डोंबिवली)

ल सोडून सगळे कुठे ना कुठे बरोबर आहेत. बहुसंख्य स्पॅनिश जगात डबल एल आणि वाय यांचा आवाज एक झाला आहे: आपल्या य पेक्षा घट्ट, टाळूशी किंचित घासणारा. विरामानंतर आणि न च्या मागे तो ज्य कडे जातो, म्हणून जोर देऊन म्हटलेला 'यो' (मी) 'ज्यो' वाटतो. ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेविदेओमध्ये श: 'काये' (रस्ता) तिथे 'काशे'. पॅराग्वे, बोलिव्हिया आणि अँडीजच्या काही भागांत जुना ल्य टिकून आहे. तुम्ही घट्ट य म्हणा, सगळीकडे कळेल. मराठी य फार पातळ आहे. 'काये' म्हणताना मधला य जवळजवळ नाहीसा होतो, तेवढा सांभाळा.

प्रश्न: एच कधीच म्हणायचा नाही ना? आणि एक्सचं काय? (एक वाचक, इंदूर)

एच मुकाच: 'ओला', 'आब्लार' (बोलणं). एचपुढे यू-ई आलं तर 'वे' होतं, 'वेबो' (अंडं). बोलण्यात बरेच जण त्याला 'ग्वेबो' करतात. सीनंतरचा एच अर्थात वेगळा, तो च.

एक्स दोन स्वरांमध्ये क्स, तोही सैल: 'एक्सामेन'. पुढे व्यंजन असेल तर बहुतेकांच्या तोंडी स उरतो, 'एस्त्रान्ख़ेरो' (परदेशी). मेक्सिकोतली नावं मात्र ऐकूनच शिकावी लागतात: 'मेख़िको', 'ओआख़ाका' यांत एक्स म्हणजे ख़, 'सोचिमिल्को' मध्ये स. टेक्ससही स्पॅनिशमध्ये 'तेख़ास', लिहायचं एक्सने आणि म्हणायचं जेसारखं.